एसाविराचा वारा आणि वन्संची साडी

ताई,
मी ६१ वर्षांची, पतसंस्थेतून निवृत्त, मुक्काम रत्नागिरी. माझ्या नणंदेचा मुलगा नोकरीनिमित्त मोरोक्कोत, कॅसाब्लांकाला असतो. येत्या मे महिन्यात मी आणि वन्सं (वय ६४) पंधरा दिवस त्याच्याकडे जातोय. पहिल्या शनिवार-रविवारी तो आम्हांला मराकेशला नेणार आणि मग कामावर परतणार. मला तिथून पुढे एसाविरा नावाच्या समुद्रकाठच्या गावी चार दिवस राहायचंय. फोटो पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही. भाचा म्हणतो, "मामी, मराकेशहून एका दिवसाची सहल असते. सकाळी जा, रात्री परत या. दोघीच राहू नका." वन्सं म्हणतात, समुद्रच बघायचा तर आपलं भाट्ये काय वाईट आहे? त्या माळकरी. वशाट नाही, अंडंसुद्धा नाही. नेसतात फक्त साडी. माझे गुडघे कुरकुरतात. फ्रेंच-अरबीच्या नावानं शंख, इंग्रजी कामापुरतं. चार दिवसांचा हट्ट धरू की भाच्याचं ऐकू? आणि छोटा कुकर न्यावा का?
– एक भावजय

प्रिय भावजय,

हट्ट धरा. भाच्याचा जीव तुमच्यात आहे म्हणून तो काळजी करतो, ते बरोबरच. पण ती एका दिवसाची सहल म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली दमणूक आहे. मराकेश ते एसाविरा साधारण १८० किलोमीटर, जायला तीन तास, यायला तीन तास. वाटेत गाडी अर्गन नावाच्या तिथल्या झाडाच्या तेलाच्या दुकानापाशी थांबणार. त्याआधी किंवा नंतर एका झाडापाशी थांबणार, झाडावर बकऱ्या उभ्या असणार आणि फोटो काढला की मालक हात पुढे करणार. अर्गनच्या फळांसाठी बकऱ्या झाडावर चढतात हे खरं आहे. पण हमरस्त्यालगत तासन् तास पुतळ्यासारख्या उभ्या दिसतात त्या बहुतेक तिथे आणून चढवलेल्या असतात. तिथे उतरूच नका. एवढं सगळं करून गावात पोचायला अकरा-साडेअकरा होतात आणि चारला परत गाडीत बसायचं. नेमक्या त्याच वेळात तिथला वारा पेटलेला असतो. म्हणजे गाव सगळ्यात वाईट असतं तेव्हा तुम्ही ते बघणार, डोळ्यांत वाळू घेऊन परतणार आणि वन्सं जन्मभर ऐकवणार, "मी म्हटलं नव्हतं, भाट्ये बरं!"

वन्संचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. नुसता किनारा म्हणून बघायचा तर भाट्येच बरं, हे मीही म्हणेन. एसाविराचा किनारा लांबरुंद आहे, चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, पण पाण्यात पाय घातलात की कळा येतील इतकं ते गार. उत्तरेकडून थंड पाण्याचा कॅनरी प्रवाह त्या किनाऱ्यालगत वाहतो. वर समुद्र गार, आत मराकेशकडची जमीन तापलेली. हवा समुद्रावरून जमिनीकडे धावते आणि त्यात उत्तरेचे व्यापारी वारे मिसळतात. साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत याचा जोर. म्हणूनच जगभरातून पतंगाला लटकून लाटांवर पळणारी पोरं तिथे येतात आणि पोहायला आलेली माणसं टॉवेल गुंडाळून कॉफी पीत बसतात. मराकेश भाजत असताना तिथे तुम्हांला दुपारी बावीस-तेवीस अंश मिळेल आणि संध्याकाळी स्वेटर लागेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सुती कुर्ते आणि छत्री घेऊन गेले होते. छत्री पहिल्या दिवशी उलटी झाली, दुसऱ्या दिवशी तिच्या काड्या मोडल्या, तिसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन लोकरीची टोपी घेतली. मे महिन्यात, आफ्रिकेत.

तेव्हा दिवस वाऱ्याच्या हिशेबानं आखा. सकाळी वारा पडलेला असतो, नऊ-दहापर्यंत किनाऱ्यावर चाला. ओल्या वाळूवर चालणं गुडघ्यांना बरं, हे तुम्हां रत्नागिरीकरांना मी काय सांगू. दक्षिणेकडे चालत गेलात तर नदीच्या मुखापाशी वाळूत खचलेल्या एका जुन्या बुरुजाचे अवशेष दिसतील. उंटवाले, घोडेवाले मागे लागतील. एकदाच मान हलवायची, हसायचं नाही, थांबायचं नाही. बारानंतर मात्र तटाच्या आत. तट इतका उंच आहे आणि गल्ल्या इतक्या अरुंद की आत वारा जेमतेम शिरतो. बाहेर वाळू उडत असते तेव्हा आत माणसं निवांत पुदिन्याचा चहा पीत असतात. त्या चहाला तिथे 'अताय' म्हणतात. साखर आधीच घातलेली असते आणि ती आपल्या चहापेक्षाही जास्त असते. मधुमेह असेल तर मागतानाच 'ब्ला सुकर' म्हणा.

भाट्येला नाही असं जे तिथे आहे, ते हे आतलं गाव. १७६० च्या दशकात सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला यानं ते ठरवून वसवलं. दक्षिणेतल्या अगादीर बंदराचा व्यापार आपल्या नजरेखाली यावा हा त्याचा हेतू. आखणी केली कोर्नु नावाच्या फ्रेंच माणसानं. फेज किंवा मराकेशची जुनी वस्ती म्हणजे भेंडोळं. एकदा आत शिरलात की परतीची वाट देवाच्या हवाली. एसाविरात रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. तुम्ही दोघी चुकलात तरी दहा मिनिटांत कुठल्यातरी दरवाजाशी, नाहीतर तटाशी बाहेर याल. गाव सपाट आहे आणि तटाच्या आत मोटारी नाहीत. भाच्याला हे दोन मुद्दे नीट समजावून सांगा, त्याची निम्मी काळजी इथेच मिटेल. युनेस्कोनं २००१ मध्ये ही तटाच्या आतली वस्ती जागतिक वारशाच्या यादीत घातली.

जुनं नाव मोगादोर. त्या नावानं पोर्तुगिजांनी १५०६ मध्ये इथे किल्ला बांधला, तो फार काळ त्यांच्याकडे राहिला नाही. त्याच्याही कितीतरी आधी फिनिशियन लोक समोरच्या बेटांवर येत. पुढे रोमन काळात, राजा जुबा दुसरा याच्या वेळी, त्या बेटांवर समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढत. त्यांचे शंख गोळा करणारे, मीठ-मासळीचा वास अंगाला लागलेले हात आणि त्या हातांनी केलेला रंग रोमच्या बड्या लोकांच्या वस्त्रांवर. बेटावर आता जाता येत नाही, ते पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. एलिओनोरा जातीचे ससाणे तिथे उन्हाळ्यात घरटी करतात. तटावरून बेट छान दिसतं, तेवढं पुरे.

त्या तटावरची जागा म्हणजे 'स्काला'. एका रांगेत स्पेनमध्ये ओतलेल्या पितळी तोफा, समोर खडकावर फुटणारा अटलांटिक. सिंधुदुर्गाच्या तटावर उभं राहिल्यावर पोटात जसं होतं ना, तसं होतं. संध्याकाळी सातच्या सुमारास जा, सहलीच्या गाड्या तोवर गेलेल्या असतात. वारा असणारच, पण त्या वेळी तो सोसवतो. त्याच तटाखालच्या कमानींमध्ये सुतारांची दुकानं आहेत. थुया नावाच्या झाडाच्या मुळाच्या गाठीपासून डब्या, पेट्या, बुद्धिबळाचे पट करतात. दुकानात शिरल्यावर नाकाला आधी कळतं. वन्संना देवपूजेच्या सामानासाठी एक डबी घेऊन द्या. मात्र झाड तोडून तोडून कमी होत चाललंय, तेव्हा मोठं टेबल वगैरे बघू नका, आणि विमानात न्यायचं कसं हा प्रश्न आहेच. भाव पहिला सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. रत्नागिरीच्या मासळीबाजारात घासाघीस करणाऱ्या बाईला मी हे शिकवायचं म्हणजे कमालच झाली.

आता जेवण, कारण तुमच्या पत्राचा खरा मजकूर तोच आहे. तुमचं काही अडणार नाही. बंदरावर निळ्या होड्या लागतात, मासे तिथेच विकले जातात आणि शेजारी निखाऱ्यावर भाजून देणारे ठेले आहेत. तिथली सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची लांबची बहीण. कोथिंबीर, लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड, लिंबू असं वाटण लावतात, त्याला 'शर्मूला' म्हणतात. वाटण तुम्हांला ओळखीचं वाटेल, फक्त खोबरं नाही. ठेल्यांवर एकच काळजी घ्या: मासा तुम्ही बोटानं दाखवा, तुमच्यासमोर वजन करायला लावा आणि भाजायला टाकण्याआधी एकूण किती पैसे ते कागदावर लिहून घ्या. सॅलड, पाव, पाणी धरून. मी हे केलं नव्हतं. दोन माशांच्या पैशांत रत्नागिरीत आठवडाभर सुरमई खाल्ली असती.

वन्संचं थोडं अवघड, पण अशक्य नाही. अडचण अशी की तिकडे 'भाजीचा ताजीन' (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) मागितला तरी तो कधी मटणाच्या रश्शात शिजलेला असतो, वरचा तुकडा तेवढा काढून देतात. शुक्रवारच्या कुसकुसचं, म्हणजे वाफवलेल्या रव्याचंही तेच. हरीरा नावाचं सूप तर सोडूनच द्या. आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण त्यांच्या बोलण्यात 'लहम' म्हणजे कोंबडी नव्हे. म्हणून सगळं मोजून सांगायचं: ब्ला लहम, ब्ला द्जाज, ब्ला हूत, ब्ला बीड. मटणाशिवाय, कोंबडीशिवाय, मासळीशिवाय, अंड्याशिवाय. भाच्याकडून हे अरबी लिपीत एका कागदावर लिहून घ्या आणि वन्संच्या पर्समध्ये ठेवा.

त्यांच्यासाठी खात्रीच्या गोष्टीही आहेत. सकाळी छोट्या टपऱ्यांवर 'बिसारा' मिळतं. वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं दाट वरण म्हणा. वरून ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड, सोबत पाव. पातळ पिठल्याच्या जवळचं काहीतरी. वन्संना आवडलं नाही तर मला पत्र लिहा. 'झालूक' म्हणजे वांग्याचं भरीत, टोमॅटो घातलेलं. 'म्समन' ही घडीची पोळी, तव्यावर भाजलेली, मधाबरोबर खातात. 'अम्लू' म्हणजे भाजलेले बदाम, मध आणि अर्गन तेल एकत्र वाटून केलेलं सारण. ते पोळीला लावलं की दोघी गप्प बसाल. शिवाय संत्री, खजूर, ऑलिव्ह हवे तेवढे. स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्यानं मिळालं तर आणखी सोपं. बाजारात भाजी आपल्यासारखीच ढिगानं मांडलेली असते.

एक इशारा, हसू नका. गल्लीच्या तोंडाशी एखादा इसम ताटात केक, बिस्किटं घेऊन उभा असतो आणि जवळून जाताना हळूच काहीतरी पुटपुटतो. त्या केकमध्ये गांजाच्या जातीचं काहीतरी घातलेलं असतं. वन्सं गोडाच्या शौकीन असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. गोड खायचं तर दुकानातून.

दोघी बायकांनी राहणं सुरक्षित आहे का? माझा अनुभव सांगते: मराकेशच्या मानानं एसाविरात मागे लागणारे फार कमी. 'ला, शुक्रान' म्हणून पुढे चालायला लागलं की सोडून देतात. रात्री नऊ-दहापर्यंत मुख्य रस्त्यांवर बायका-मुलं फिरत असतात. फक्त उत्तरेकडचा जुना यहुदी मोहल्ला, 'मल्लाह', अंधार पडल्यावर टाळा. तिथे पडझड झालेली घरं आहेत. दिवसा मात्र त्या बाजूला जरूर जा. एके काळी या गावात ज्यूंची मोठी वस्ती होती. सुलतानाचे खास व्यापारी त्यांच्यातलेच. विसाव्या शतकात बहुतेक सगळे इस्राएलला, फ्रान्सला निघून गेले. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल ज्यू, गेले तसेच. रायगडच्या गावांतल्या बंद सिनेगॉगसमोर उभं राहिलात असाल तर इथली शांतता ओळखीची वाटेल. 'बैत दाकिरा' म्हणून एका घरात त्यांच्या आठवणी जपल्या आहेत, आतलं छोटं प्रार्थनागृहही बघता येतं. मशिदींत मात्र मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. ती हौस कॅसाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीत भागवा, तिथे वाटाड्याबरोबर आत नेतात.

संध्याकाळी कुठून तरी लोखंडी चिपळ्यांचा आवाज येईल. थोडा वेळ थांबा. ते ग्नावा. सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं गाणं. तीन तारांचं जाडजूड 'गिम्ब्री' आणि त्या चिपळ्या, 'कर्कब'. रात्र रात्र चालतं, आपल्या भजनासारखं, हळूहळू लय चढत जाते. १९९८ पासून गावात त्यांचा मोठा महोत्सव भरतो, बहुधा जूनमध्ये. तुम्ही मे महिन्यात जाताय ते एका परीनं बरं, महोत्सवात खोल्या मिळत नाहीत. पण बकरी ईद हल्ली मे-जूनच्या सुमारास येते. तुमच्या तारखा त्यात येत नाहीत ना, हे आधी बघा. त्या दोन-तीन दिवसांत दुकानं बंद, बस भरलेल्या आणि घरोघरी कापायला आणलेले मेंढे. माळकरी बाईला ते दृश्य दाखवू नये.

राहण्यासाठी 'रियाद' म्हणजे चौकाचं जुनं घर शोधाल. फोटोत फार सुरेख दिसतं. पण जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे, आणि उद्वाहक बहुतेक ठिकाणी नसतोच. बुक करण्याआधी भाच्याला फोन करायला सांगा: तळमजल्यावर किंवा फार तर पहिल्या मजल्यावरच खोली हवी. समुद्राकडची खोली घेऊ नका. रात्रभर वारा खिडकी वाजवतो आणि अंथरुणं दमट राहतात. सामानासाठी वेशीवर हातगाडीवाले असतात. पंधरा-वीस दिरहॅममध्ये बॅगा दारापर्यंत आणून देतात, रक्कम आधी ठरवा. गल्लीत मागून 'बालाक! बालाक!' असा आवाज आला की भिंतीला चिकटा, हातगाडी येतेय.

जायला मराकेशच्या रेल्वे स्टेशनशेजारून सुप्रातूरची बस घ्या किंवा सीटीएमची. दोन्हींत आसनक्रमांक मिळतो. तिकीट एक-दोन दिवस आधी काढा. येताना एसाविराहून कॅसाब्लांकाला थेट बसही आहे, पण सहा-सात तास एका खुर्चीत बसणं तुमच्या गुडघ्यांना सोसेल का, तुम्हीच ठरवा. मी मराकेशला उतरून आगगाडी घेईन. व्हिसा लागतो, भाच्याकडून त्याच्या कागदपत्रांसह सरकारी मार्गानंच करून घ्या. दिरहॅम भारतात शोधत बसू नका, थोडे युरो न्या आणि तिकडे बदला. सुटी नाणी जवळ ठेवा, स्वच्छतागृहापासून सगळीकडे लागतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मी सांगणारच. तिसऱ्या दिवशी दोघी हमामात जा. गावातल्या साध्या हमामात बायकांची वेळ वेगळी असते. काळा ऑलिव्ह साबण आणि घासायचा खरखरीत हातमोजा बाजारातून घ्या. आत एक धिप्पाड बाई तुम्हांला लादीवर झोपवून असं घासते की दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आजीनं घासलेलं आठवावं. अंगावरची मळाची वळकुटी ती तुम्हांलाच अभिमानानं दाखवते. वन्सं आधी नको नको म्हणतील. नणंद-भावजयीनं चाळीस वर्षं एका घरात काढल्यावर आता कसला संकोच?

साडीचं म्हणाल तर नेसू द्या की. तिथल्या म्हाताऱ्या बायकांचं जुनं वस्त्र 'हाइक', न शिवलेलं, लांबलचक, अंगभर गुंडाळायचं. आता क्वचितच दिसतं, पण ते दिसलं तर वन्संना दाखवा. मात्र वारा साडीचा शत्रू आहे. तलम साड्या घरीच ठेवा, जाड सुती न्या, पदर पुढे घेऊन खोचा, निऱ्यांना दोन पिना लावा आणि आत लेगिंग घालायला सांगा. वरून स्वेटर आणि कानांना मफलर. फोटोत शोभणार नाही, पण फोटो काढायला हात तरी मोकळे राहतील.

कुकर नेऊ नका. मेतकूट न्या.